झोपाळ्याची खोली कुणाला?

"मॅडम, तुम्ही दिलेलं हॉटेल जुनं निघालं."

हे वाक्य एका गृहस्थांनी मला माझ्याच दुकानात, माझाच चहा पिता पिता ऐकवलेलं आहे. जाण्याआधी याच माणसाने माझं डोकं खाल्लं होतं, की ते नेहमीचं काचेचं, कुठल्याही गावात गेलं तरी सारखंच दिसणारं हॉटेल नको. म्हैसूरला जातोय तर तिथलं काहीतरी बघा, लाल फरशीचं, लाकडी खांबांचं. मी फोन करकरून तसा बंगला शोधून दिला. फरशी लाल होती, खांब लाकडी होते, मागे अंगणात चिंचेचं झाड होतं. आणि परत आल्यावर तक्रार काय, तर जुनं निघालं! जुना बंगला जुना नाही निघणार तर काय निघणार? मी बिस्किटांची बशी तेवढी त्यांच्या पुढ्यातून उचलली.

मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात, एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर माझं दुकान होतं. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर भारताचा नकाशा. पाटीवर 'तिकीट, हॉटेल, टूर' असं लिहिलेलं असल्यामुळे लोकांना वाटायचं, ही बाई तिकिटं काढते. तिकिटं काय, आता शेंबडं पोरही फोनवर काढतं. माझं खरं काम वेगळं होतं. शुक्रवारी संध्याकाळी बॅग उचलून निघणाऱ्या आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर होणाऱ्या माणसाला परक्या शहरात दोन रात्री राहायला बरी जागा शोधून देणं. फार महागडी नाही आणि अगदी स्टँडसमोरचं लॉजही नाही. मधली.

ही मधली जागा शोधणं सगळ्यात अवघड असतं. पंचतारांकित हॉटेलात निवडायचं काय? तिथे सगळं गुळगुळीतच असतं. लॉजमध्ये तरी निवडायचं काय? चादर धुतलेली मिळाली की नमस्कार करायचा. माणूस फसतो तो मधल्या हॉटेलात, कारण तिथे प्रत्येक जण आपण आहोत त्यापेक्षा वरचे असल्याचा आव आणतो. त्यांच्या जाहिरातींची भाषा शिकायलाच मला काही वर्षं लागली. 'हेरिटेज' म्हणजे लिफ्ट नाही. 'बुटीक' म्हणजे बॅग उघडायची असेल तर दुसऱ्याने पलंगावर चढून बसायचं. 'होमली' म्हणजे मालक जेवताना समोर बसणार आणि तुमच्या मुलाचं लग्न का होत नाही ते विचारणार. आणि 'बाजारपेठेपासून दोन मिनिटांवर' म्हणजे खिडकीखाली वरातीचा बँड.

फोटोंवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. फोटोत सगळ्या हॉटेलांचा एकच कोपरा असतो, पितळी समईचा. मी मालकाला सांगायचे, फाटकापासून खोलीपर्यंत चालत जा आणि मध्ये न थांबता व्हिडिओ काढून मला पाठवा. मग वाटेत जे दिसायचं ते दिसतंच. बाथरूमच्या जमिनीचा फोटो वेगळा. पाणी तुंबतं की नाही ते फरशीच्या रंगावरून कळतं. लोकांचे अभिप्राय वाचताना नुसतं कौतुक आणि नुसत्या शिव्या दोन्ही सोडून द्यायच्या, आणि 'बरं होतं, पण' असं लिहिणाऱ्याला धरायचं. तो बिचारा खरं बोलत असतो. आणि शेवटी, सकाळी सगळी गिऱ्हाइकं खोल्या सोडायच्या गडबडीत असतात नेमका तेव्हा हॉटेलात फोन करायचा. त्या गोंधळात जो न वैतागता उत्तर देतो, त्याचं हॉटेल चांगलं. हा माझा स्वतःचा शोध आहे आणि तो सहसा चुकलेला नाही.

वैतागायचं काम माझं. कारण एवढं सगळं करून समोरचं गिऱ्हाईक म्हणणार, "मॅडम, हॉटेल हटके पाहिजे. पण लिफ्ट पाहिजे, मोठा टीव्ही पाहिजे, जेवण आपल्यासारखं पाहिजे, बाहेर आवाज नको आणि बाजार खाली पाहिजे." या 'हटके' शब्दाने माझी झोप उडवली आहे. हटके म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं, हे सगळ्यांना मान्य. पण वेगळं म्हणजे काहीतरी नेहमीसारखं नसणार, एवढं काही कुणाच्या गळी उतरत नाही. एक बाई तर माझ्याकडून हैदराबादच्या तीन जागांची बित्तंबातमी घेऊन, तिथेच बसून, माझ्यासमोर फोनवर परस्पर बुकिंग करून मोकळी झाली आणि वर मलाच विचारते, "ताई, यात नाश्ता कुठे दाबायचा?" दाखवलं मी. काय करणार, शेजारच्या बिल्डिंगमधली होती.

पण मला जी हकीकत सांगायची आहे ती माझ्या डोक्यावरच्या माणसांची. म्हणजे खरोखर डोक्यावरच्या, आमच्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या.

त्या मजल्यावर चार घरं. संगीता सावंत मूळची रत्नागिरीकडची. मजल्याची अघोषित पुढारी. तिच्या समोर हेमाबेन, ज्यांच्या यजमानांचं पूनम सागरच्या रस्त्यावर कटलरीचं दुकान. तिसरी फिलोमिना, सगळ्यांची फिलू. उत्तनच्या कोळीवाड्यातली लेक, शाळेत शिकवायची, पण चिडली की माहेरची भाषा बाहेर यायची. आणि चौथ्या घरात कमलमावशी. निवृत्त परिचारिका, यजमान गेलेले, एकुलता मुलगा पुण्याला. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

या चौघींची दारं दिवसभर उघडी असत. एखादीने दार लावलं की दुसरी येऊन विचारायची, "बरं नाही का गं?" एकीच्या कुकरची शिट्टी दुसरी मोजायची. मावशींची सकाळची गोळी फिलू द्यायची, दुपारची संगीता आणि रात्रीचं दूध हेमाबेनकडून यायचं. मुलगा पुण्यात निश्चिंत होता तो या तिघींच्या जिवावर.

आणि मग इमारत पाडायचं ठरलं. मीरा रोडच्या आमच्या वेळच्या सगळ्याच इमारतींना आता म्हातारपण आलंय. आमच्या जागी टॉवर उभा राहणार होता. सोसायटीने एक सवलत दिली. ज्या मजल्यावरची चारही घरं मिळून अर्ज देतील त्यांना नव्या इमारतीतही एकाच मजल्यावर घरं मिळतील. मात्र त्या मजल्यावरचं कुठलं घर कुणाचं, हे त्यांनी आपापसात ठरवून अर्जातच लिहायचं. जमत नसेल तर चिठ्ठ्या टाकणार, मग कोण कुठे जाईल याचा नेम नाही.

नवी चार घरं काही सारखी नव्हती. एक बागेकडचं, भरपूर उजेडाचं. एक पश्चिमेचं, वाऱ्याचं. एक जिन्याला लागून, पण स्वयंपाकघर मोठं. आणि एक थेट लिफ्टच्या तोंडाशी, दिवसभर त्या दाराची खडखड. मावशींच्या मुलाने आईला स्पष्ट सांगितलं होतं: तुझी माणसं तुझ्याच मजल्यावर असतील तर घर ठेवू, नाहीतर विकून कायमची पुण्याला ये. मावशींना पुण्याला जायचं नव्हतं. "तिथे सून चांगली आहे," त्या म्हणायच्या, "पण दार बंद असतं."

अर्ज दोन महिने कोरा पडून होता. कुणी भांडत नव्हतं, हीच तर पंचाईत. "आम्हाला काय, कुठलंही चालेल," संगीता म्हणायची. "तुम्ही आधी घ्या ने," हेमाबेन म्हणायच्या. फिलू म्हणायची, "मावशी ठरवतील." आणि मावशी म्हणायच्या, "बघू." चौघींच्या मनात बागेकडचं घर असणार आणि ओठांवर साखर. मी खाली बसून हे ऐकत होते, कारण या चर्चा जिन्यात व्हायच्या आणि जिना माझ्या दुकानाच्या डोक्यावरून जायचा.

असल्या परिस्थितीत या चौघी माझ्याकडे आल्या. भाड्याच्या घरांत पांगायच्या आधी सगळ्यांनी मिळून एकदा कुठेतरी जाऊन यायचं होतं. तिघींचे नवरे बरोबर येणार होते, म्हणजे सामान उचलायला.

"वंदनाताई, अहमदाबादला जातोय," संगीता म्हणाली. "जुन्या शहरात राहायचंय. हॉटेल एकदम हटके पाहिजे."

"जुना शहर!" हेमाबेननी कपाळावर हात मारला. "माझ्या मामाचा घर पोळमध्येच होता. तिकडच्या अंधाऱ्या दादऱ्यावरून पडून माझा हात मोडलेला. आता पैसे देऊन परत तिकडेच जायचा?"

दादरा म्हणजे जिना, आणि पोळ म्हणजे तिथल्या जुन्या शहरातली वेशीच्या आतली गल्ली. दोन्ही बाजूंना एकमेकांना टेकून उभी असलेली जुनी घरं. त्यातली काही आता हॉटेलं झाली आहेत.

"आणि ताई, मावशींना जिना नको," संगीता पुढे म्हणाली. "चारही रूम एकाच मजल्यावर. दारं समोरासमोर."

"मग जाताच कशाला?" मी म्हटलं. "वर जिन्यात चटया टाका आणि एक रात्र झोपा. हॉटेलही वाचेल, प्रवासही."

"तुम्ही बघा तर," फिलू म्हणाली.

बघितलं. तळमजल्यावर चार खोल्या समोरासमोर असलेली हवेली शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. जुन्या घरांत तळमजल्यावर कोण झोपायचं? खोल्या सगळ्या वर, आणि वर जायला दोर धरून चढायचा जिना. अखेर एक सापडली. मधोमध दगडी चौक, चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं आणि चौकाभोवती चार दारं. मालक जयेशभाई. सकाळच्या गडबडीत फोन केला तर म्हणाले, "मैडम, एक आदमी का चश्मा गुम गया है, वो ढूंढ के पांच मिनट में करता हूं." आणि खरंच केला. तिथेच मी मनात हॉटेल पक्कं केलं.

त्यांनी पाठवलेला व्हिडिओ मी चौघींना बोलावून दाखवला. पहिली खोली म्हणजे घराचा जुना दिवाणखाना. उंच छत, रंगीत काचा आणि मधोमध पितळी साखळ्यांचा भलामोठा झोपाळा. दुसरी रस्त्याकडची ओसरी बंद करून केलेली, तिच्या खिडकीवर माकडं बसलेली. तिसरी जुनं स्वयंपाकघर. आणि चौथी धान्याचं कोठार. तिला खिडकी नाही, वरून एक झरोका, आणि पिवळा, मिणमिणता दिवा. चारही खोल्यांचं भाडं सारखं.

"आता नीट ऐका," मी म्हटलं. "ही जुनी घरं अशीच असतात. एक खोली दुसरीसारखी नसते. कोण कुठे झोपणार ते इथे बसून ठरवा, मग मी बुकिंग करते. हा माझा नियम आहे."

नियम मी अनुभवातून केला होता. आमच्याकडच्या मंडळींची एक रीत आहे. चार कुटुंबं मिळून हॉटेलात पोचली की हातपाय धुवायच्याही आधी सगळे जण सगळ्यांच्या खोल्या बघून येतात. नेहमीच्या हॉटेलात त्याने काही बिघडत नाही. पडदे तेच, पलंग तोच, फार तर 'तुमचा एसी जास्त गार आहे' एवढ्यावर भागतं. पण हटके हॉटेलात ही खोल्या बघायची फेरी म्हणजे आगीत तेल.

चौघी खो-खो हसल्या. "आम्ही काय परक्या आहोत?" संगीता म्हणाली. "तिकडे जाऊन ठरवू. कुठलीही चालेल."

"कुठलीही चालेल," हेमाबेन म्हणाल्या. हे शब्द मी दोन महिने जिन्यातून ऐकत होते. कमलमावशींनी मात्र माझा फोन हातात घेऊन व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला आणि परत दिला.

शनिवारी सकाळी गाडी पोचली. मी पोहे परतत होते तेवढ्यात पहिला फोन.

"ताई, हे काय हॉटेल दिलंत?" संगीता. "एक रूम राजवाडा आणि एक अंधारकोठडी!"

"व्हिडिओत दाखवली होती."

"व्हिडिओत एवढी छोटी नव्हती वाटत. आणि हेमाबेन झोपाळ्यावर जाऊन बसल्यात. बॅग ठेवली नाही, नुसत्या बसल्यात. याला काय अर्थ आहे?"

मग हेमाबेनचा फोन. "मी जरा बसली तर संगीता कसं बघते माझ्याकडे! झोपाळा माझ्या मामाकडे पण होता. माझा काय हक नाय?" मग फिलूचा. "मॅडम, मला काय न्हाय. पन रसोड्याच्या खोलीला वारा न्हाय. वाऱ्याशिवाय मी झोपनार कशी? आनि खिडकीची खोली मागितली तर बोलतात, तुला माकडं चालतील का. मी बोटीवरच्या कोल्याची पोर हाय, माकडाला घाबरीन?"

माझे पोहे करपले. मी फोन बंद करून ठेवावा असं ठरवत होते, पण या धंद्यात फोन बंद करता येत नाही. पुढचा फोन जयेशभाईंचा.

"मैडम, सब चौक में खड़े हैं. सामान भी चौक में. चाबी कोई नहीं ले रहा."

"और आदमी लोग?"

"वो फाफड़ा खाने गए. अभी तक नहीं आए."

शहाणे होते, दुसरं काय. मी जयेशभाईंना म्हटलं, चिठ्ठ्या टाका. ते म्हणाले, थांबा, काहीतरी होतंय. मग फोनमधून लांबून मला मावशींचा आवाज ऐकू आला. पुढे काय झालं ते मला सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं, पण एका गोष्टीवर एकमत आहे. मावशी काठी टेकत सरळ दिवाणखान्यात गेल्या, आपली बॅग झोपाळ्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही माझी. वयाने मी मोठी. आता उरलेल्या तिनांत तुम्ही तिघी भांडा."

 आजवर मावशींनी कधी स्वतःसाठी वाटीभर जास्त आमटी मागितली नव्हती. हेमाबेन इतक्या चिडल्या की मुद्दाम कोठारात जाऊन बसल्या. तिथून मला पुन्हा फोन. "मामाकडे कोठारमध्ये गहू ठेवायचे. इकडे मला ठेवली. आणि दिवा पण झिगझिग करते." मी म्हटलं, हेमाबेन, खोली तुम्ही स्वतः घेतलीत. त्या म्हणाल्या, "हां, पण घेऊ दिली कशी कोणी?" मी करपलेले पोहे कढईतून खरवडायला घेतले. 

मला खरा राग मावशींचा आला. बाकीच्या तिघी भांडल्या तर समजू शकते. घरोघरी मातीच्या चुली. पण हिच्याचसाठी हा मजला एकत्र राहायचा होता, आणि हिनेच मिठाचा खडा टाकावा? आता कुठला अर्ज आणि कुठली सही, असं वाटून मी तो दिवस फार वाईट काढला.

रविवारी सकाळी जयेशभाईंचा फोन. मी घेतानाच म्हटलं, "अब क्या हुआ?"

"मैडम, ये कैसे लोग भेजे हैं आपने? दो दिन में कुछ देखने नहीं गए. मैंने सुबह का गाइड बुलाया था, वो बैठ के चाय पी के चला गया. चारों कमरों के दरवाज़े खुले, एसी चालू, और सबकी चप्पल एक ही कमरे के बाहर. सब झूले पे बैठ के झगड़ रहे हैं."

"अभी भी कमरे के लिए?"

"नहीं, कोई मकान का नक्शा है. माताजी बोल रही हैं और तीनों चिल्ला रही हैं."



सोमवारी संगीताने सगळं सांगितलं. झालं होतं असं. मावशींनी झोपाळ्याची खोली घेतली खरी, पण दार काही लावलं नाही. सवयच नव्हती. उघडं दार दिसल्यावर आधी फिलू गोळी द्यायला गेली, मग संगीता केस विंचरून द्यायला. रागावलेल्या हेमाबेननाही रात्रीचं दूध द्यायला जावंच लागलं. आणि खोलीत खुर्ची नव्हती, म्हणून जी आली ती झोपाळ्यावर बसली. सकाळी चौघी तिथेच नाश्ता करत असताना मावशींनी बॅगेतून नव्या मजल्याचा नकाशा काढून मधे ठेवला.

"एका रात्रीच्या खोलीसाठी काल तुमचं हे झालं," त्या म्हणाल्या. "घरात तर जन्म काढायचाय. आता 'कुठलंही चालेल' म्हणाल तर मी आजच्या आज पुण्याला जाईन. काय हवंय ते तोंडाने मागा. भांडून मागा."

मग भांडल्या, अगदी गाडीची वेळ होईपर्यंत. दोन महिने गिळलेलं सगळं बाहेर आलं. पंचवीस वर्षांपूर्वी कुणी कुणाच्या दारात चपलांचं कपाट ठेवलं होतं तेही निघालं. हेमाबेन रडल्या. त्यांची नजर कमी होत चालली होती आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. कोठारात रात्र काढल्यावर त्यांना कळलं की अंधाराची आपल्याला भीती वाटायला लागलीय. म्हणून बागेकडचं उजेडाचं घर त्यांना. फिलूला पश्चिमेचा वारा. संगीताला मोठं स्वयंपाकघर, कारण सून यायची होती. आणि मावशी म्हणाल्या, "लिफ्टजवळचं मला द्या. खडखड झाली की कोण आलं ते कळतं."

सोमवारी अर्ज गेला. चौघी पेढे घेऊन माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता तरी दोन चांगले शब्द कानावर पडतील.

"हॉटेल ठीक होतं ताई," संगीता म्हणाली. "पण पुढच्या वेळी चारही रूम सारख्या बघा."

मी आणखी दोन पेढे उचलून घेतले.

दोन महिन्यांनी इमारत रिकामी झाली. संगीता भाईंदरला गेली, हेमाबेन दुकानाजवळच, फिलू आईकडे उत्तनला. मावशी ताबा मिळेपर्यंत पुण्याला. आणि माझं दुकान बंद. नव्या इमारतीत मला गाळा मिळणार आहे, पण तोवर मी पुन्हा शटर उघडायच्या वयाची राहीन का, हे मला ठाऊक नाही. त्या दिवशी नकाशा भिंतीवरून काढून गुंडाळत होते. बाहेर मावशींचं सामान टेम्पोत चढत होतं. त्या आत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"वंदना, एक बुकिंग घे. अहमदाबादचं. चौकातल्या चारही खोल्या."

"तारीख?"

"नव्या घरांचा ताबा मिळेल ती. आधी तिकडे जाऊन येऊ, मग घरात शिरू."

"मावशी, तारखेशिवाय मी बुकिंग घेत नाही. कधीच घेतलेलं नाही. बिल्डर तीन वर्षं म्हणतो, म्हणजे किती ते त्याला तरी ठाऊक आहे का? तोवर ते हॉटेल असेल का? माझं दुकान असेल का?" पुढचा प्रश्न तोंडाशी आला होता, तो मी गिळला. तो त्यांना ऐकू आला असावा.

"असेल तर असेल," मावशी म्हणाल्या. "तू फोन लाव."

मी चिडून फोन लावला. जयेशभाई म्हणाले, "तारीख क्या लिखूं?" मी म्हटलं, बिल्डर को पूछिए. ते हसले. "वही दरवाज़े खुले रखने वाले? लिख लिया."

"झोपाळ्याची खोली तुमच्या नावावर सांगू ना?" मी मावशींना विचारलं.

"छे गं, मला कोठार. मस्त गार होतं, मी दुपारी तिथेच झोपले होते. झोपाळा मेला रात्रभर करकरतो. डोळ्याला डोळा नाही लागला."

"मग तेव्हा का घेतलीत?"

"तिघींपैकी जिने घेतली असती, तिच्याशी बाकीच्या दोघी जन्मभर बोलल्या नसत्या. माझ्यावर किती दिवस रागावणार?" त्या काठी टेकून उठल्या. मला त्या दिवशी फार रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

आता मी पेणकरपाड्याला घरीच असते. मावशींचा दर महिन्याला पुण्याहून फोन येतो, किती मजले झाले? मग मी चालत जाते आणि पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभी राहून मान वर करून मोजते. रखवालदाराला वाटतं, बाईला घर घ्यायचंय. गेल्या आठवड्यात सांगितलं, सातवा स्लॅब टाकून झाला. त्यांचा मजला नववा.

"म्हणजे आलंच की," मावशी म्हणाल्या.

"मावशी, स्लॅब म्हणजे घर नव्हे. भिंती आहेत, पाणी आहे, लिफ्ट आहे."

"ते होईल गं. तू जयेशभाईंना फोन कर. कोठारातला दिवा बदलून ठेवा म्हणावं, हेमाला तिथे बसायला आवडत नाही आणि मी काही दार लावून बसणार नाही."

मी फोन केला. जयेशभाईंनी आवाज ओळखला आणि लगेच विचारलं, "मैडम, तारीख आ गई?"

"तारीख छोड़िए," मी खेकसले. "पहले वो बल्ब बदलिए."